मैदानावरचा रविवार आणि आमचे मौन

चळवळीतल्या माणसाचा रविवार त्याचा स्वतःचा नसतो. सकाळी विहारात वंदना, दुपारी तालुक्याच्या गावी बैठक, संध्याकाळी कुणाकडे तरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. गेली वीस वर्षे आमचे रविवार असेच गेले आणि त्याबद्दल आम्हाला कधी खेद वाटला नाही. पण घरातल्या मुलांना तो वाटत असावा. कारण 'पप्पा, एक रविवार आम्हाला द्या' ही मागणी आमच्या बारा वर्षांच्या मुलीने तोंडी न करता कागदावर लिहून, खाली सही करून आमच्या टेबलावर ठेवली. वकिलाच्या घरात वाढलेली मुलगी! अर्ज मंजूर करण्यावाचून गत्यंतर नव्हते.

ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आणि आमच्या तिकडच्या फेऱ्या वाढल्या. आमची सासुरवाडीही तिथलीच. मेहुणा हाडाचा फुटबॉलवेडा. 'दाजी, सभा काय रोजच्याच, एकदा शाहू स्टेडियमला या,' हे त्याचे आमंत्रण पाच-सहा वर्षे पडून होते. तेव्हा फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही, आमची सहचारिणी, मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेली आई असे सगळे कुटुंब मेहुण्याच्या मागोमाग राजर्षी शाहू स्टेडियमच्या पायऱ्या चढलो.

सामना काही अंतिम फेरीचा नव्हता. लीगमध्ये खाली राहिलेल्या दोन संघांचा होता. जिंकला तरी कुणाला करंडक मिळणार नव्हता. तरीही गॅलरी भरलेली! हलगीचा कडकडाट, मोठमोठे झेंडे, अंगात तालमीच्या रंगाचे शर्ट, भडंगाच्या पुड्या आणि पहिल्या गोलला उडालेला कागदाच्या कपट्यांचा पाऊस. आमच्या मुलाने दहाव्या मिनिटाला आपला पक्ष निवडला. शेजारच्या काकांनी त्याला शेंगदाणे दिले, एवढ्यावरच तो निर्णय झाला होता!

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. या शहरातले फुटबॉल संघ कंपन्यांचे नाहीत, ते पेठांचे आणि तालमींचे आहेत. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही तालमींची नावे, तर शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी हेही तितकेच जुने-जाणते. जिथे कुस्तीचा आखाडा तिथेच फुटबॉलचा संघ, तिथेच गणपती आणि काही तालमींत मोहरमचे पंजेसुद्धा. वर्गणी गल्लीची, खेळाडू गल्लीतला, त्याला शिव्या आणि शाबासकी देणारीही गल्लीच. २०२५ मध्ये देशातली सर्वांत वरची लीग व्यापारी कराराच्या घोळात महिनोन्महिने सुरूच होऊ शकली नाही. मोठे भांडवल थांबले की मोठा खेळ थांबतो. पेठेचा खेळ मात्र पेठ थांबवेल तेव्हाच थांबेल. लोकांच्या वर्गणीवर उभे असलेले काम किती टिकते, हे आपल्या चळवळीलाही वेगळे सांगायला नको. याच मातीतला, एका रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

मध्यंतर झाले. चहावाला ट्रे घेऊन पायऱ्या चढत आला. आईने कागदी कप हातात घेतला, दोन घोट घेतले आणि कप उलटसुलट करून पाहू लागली. आम्ही विचारले, 'काय झालं आई, चहा गोड नाही का?' ती म्हणाली, 'चहा झकास हाय रं. आमच्या गावात हाटेलाच्या वळचणीला आमची कपबशी निराळी ठिवल्याली असायची. आपणच धुवायची, आपणच ठिवायची. आता बघ, समद्यांचाच कप पिऊन टाकायचा!' आणि ती खळखळून हसली. आम्हाला मात्र हसू आले नाही. ज्या आईने त्या वळचणीचा चहा प्यायला, तिच्याच शेजारी तिची नात मांडी घालून पेठेच्या संघासाठी ओरडत होती. या दोघींच्या मध्ये केवढा मोठा इतिहास बसला आहे!

आणि हे घडत होते कोल्हापुरात. याच शहरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार, असा प्रश्न होता. राजर्षी शाहू महाराजांनी आपली गाडी त्या हॉटेलासमोर थांबवली, चारचौघांत तो चहा घेतला आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही घ्यायला लावला. २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्के आरक्षणाचा जाहीरनामा आपण दरवर्षी आठवतो, मार्च १९२० ची माणगाव परिषद आठवतो. ते आठवलेच पाहिजे. पण एका राजाने रस्त्यावर प्यायलेला एक कप चहा हादेखील जाहीरनाम्याइतकाच मोठा आदेश होता, हे विसरता कामा नये.

खेळाच्या मैदानावर हा चहा फार उशिरा पोहोचला. पळवणकर बाळू हा चर्मकार समाजात जन्मलेला गोलंदाज. पुण्यातल्या हिंदूंच्या संघाला गोऱ्यांना हरवण्यासाठी त्याची फिरकी हवी होती. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सगळ्यांना चालत होता. चहाच्या वेळी मात्र त्याला तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले, तरी संघाचे कर्णधारपद त्याला मिळाले नाही. ते पुढे १९२३ मध्ये त्याचा भाऊ विठ्ठल याच्या वाट्याला आले. खेळात जात नसते असे सांगणाऱ्यांनी चहाच्या वेळी कोण कुठे उभे होते, एवढे तरी पाहावे.

म्हणूनच घटनेच्या कलम १५ मधला दुसरा भाग आम्हाला नेहमी मोलाचा वाटतो. दुकाने, उपाहारगृहे, सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे, विहिरी, तलाव, घाट, रस्ते. या जागी धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणत्याही नागरिकाला अडवता येणार नाही. पुस्तकात हे कलम आम्ही शेकडो वेळा वाचले, न्यायालयात त्यावर बोललो. त्या दिवशी आईच्या हातातल्या कपात ते आम्हाला दिसले.

इथेच लेख संपवता आला असता तर बरे झाले असते. पण उत्तरार्धात जे घडले ते सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

गेल्या काही वर्षांत कोल्हापूरच्या संघांतून आफ्रिकेतून आलेले पाहुणे खेळाडूही खेळले आहेत. त्या दिवशी एका संघात असाच एक उंचापुरा आघाडीचा खेळाडू होता. उत्तरार्धात गोलरक्षक एकटा समोर असताना त्याने चेंडू बाहेर मारला. आमच्या मागच्या रांगेतून एकाने त्याच्या रंगावरून आणि एका जनावराचे नाव घेऊन शिवी हासडली. दोन-चार जण हसले. त्याने पुन्हा तीच शिवी दिली, या वेळी हलगीच्या तालावर.

आम्ही काय केले? काही नाही. आम्ही मैदानाकडे पाहत राहिलो. अत्याचार प्रतिबंध कायद्याखालची कितीतरी प्रकरणे आम्ही चालवली. सार्वजनिक जागी जातीवरून अपमान झाला की काय होते, हे आम्ही शिबिरांतून तासन्तास सांगतो. तेच आम्ही गप्प बसलो. मनात हिशेब चालला होता. बरोबर बायकामुले आहेत, गर्दी आहे, शहर आपले नाही, कशाला वाद? मागे वळून बोलले ते आमच्या मुलाला शेंगदाणे देणारे काका. डोक्याला गांधी टोपी, गळ्यात माळ. 'ए, तो आपल्या पेठेसाठी पळतोय. तुला पळायला येत असंल तर उतर खाली. न्हाईतर गप बस.' तो गप्प बसला. हलगी पुन्हा सुरू झाली, निराळ्या तालात.

घरी परतताना गाडीत मुलीने विचारले, 'पप्पा, तुम्ही का नाही बोललात?' वीस वर्षांच्या वकिलीत इतका अडचणीचा उलटतपास आमचा कुणी घेतला नव्हता. आम्ही कायद्याचा आडोसा शोधला. कलम १५ 'नागरिकां'साठी आहे, तो खेळाडू परदेशी. कलम १४ आणि २१ मात्र 'व्यक्ती'साठी आहेत, म्हणजे त्यालाही लागू. पण तीही मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध... असे काहीतरी सांगत गेलो. ती म्हणाली, 'त्या आजोबांना कुठे ही कलमं माहीत होती?'

तिचे बरोबर होते. कायदा आपल्याला गॅलरीत जागा मिळवून देतो. शेजाऱ्याचा अपमान होताना तोंड उघडण्याचे काम मात्र ज्याचे त्यानेच करायचे असते. बंधुतेवाचून स्वातंत्र्य आणि समता वरवरची राहील, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात दिला होता. आम्ही तो प्रत्येक संविधानदिनी सांगतो. पण बंधुता फक्त आपल्यावर अन्याय झाला तरच मागायची वस्तू आहे काय? परक्या देशातून पोट भरायला आलेला, ज्याच्या बाजूने बोलायला गॅलरीत त्याचे एकही माणूस नाही, तो त्या घटकेला गावकुसाबाहेर उभा होता आणि आम्ही गावात बसलो होतो. हे कबूल करताना लाज वाटते, पण लपवले तर अधिक वाटेल.

आता त्या हलगीबद्दल. ती वाजवणे ज्यांच्यावर गावकीची सक्ती म्हणून लादले होते, त्यांनी ती फेकून द्यावी यासाठी आपल्या आजे-पणज्यांनी बहिष्कार सोसले. ते योग्यच होते. गॅलरीत ती पेठेतली पोरे हौसेने वाजवत होती. वाद्य तेच, पण हुकूम करणारा कुणी नव्हता, म्हणून अर्थ बदलला होता. मैदानाचेही असेच आहे. मैदान आपोआप समतेचे होत नाही. तिथे कोण जातो आणि गेल्यावर कसा वागतो, यावर ते ठरते. सामन्यांत हाणामाऱ्या होतात, दगड पडतात, पोलीस येतात, हे आम्ही जाणतो. चांगल्या माणसांनी घरी बसून ते थांबणार नाही. उलट त्या काकांसारखी माणसे रांगारांगांतून बसली पाहिजेत. गॅलरीत बायका-मुली मोजक्याच दिसल्या. त्यांची संख्या वाढली तर शिव्यांची संख्या निम्मी होईल, असे आमच्या सहचारिणीचे म्हणणे आहे आणि ते आम्हाला पटते.

यातून आपल्या कार्यकर्त्यांपुढे आम्ही दोन गोष्टी ठेवू इच्छितो.

पहिली, आपल्या वस्त्यांतल्या मैदानांची. शहराच्या विकास आराखड्यात क्रीडांगणाचे आरक्षण असते, ते आपल्याला ठाऊकही नसते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार आराखडा अमलात येऊन दहा वर्षे झाली, जमीन संपादित झाली नाही, मालकाने नोटीस दिली आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर ते आरक्षण संपुष्टात येते. मुले खेळत असतात आणि त्यांच्या पायाखालचे मैदान कागदावर निघून जाते! प्रत्येक शाखेने आपल्या प्रभागाचा आराखडा मागून घ्यावा, क्रीडांगणाचे आरक्षण कुठे आहे ते पाहावे आणि मुदत संपण्याआधी महापालिकेला जाब विचारावा. मोर्चाइतकेच हेही काम आहे.

दुसरी, आपल्या मुलांच्या खेळाची. शिका, हा आदेश आपण शिरोधार्य मानला, पण शिकणे म्हणजे फक्त परीक्षा असा त्याचा अर्थ लावला. खेळणारे पोर वाया गेले असे आपल्यातही समजले जाते. नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या मुलांच्या हाती चेंडू दिला. त्यावरचा नागराज मंजुळे यांचा 'झुंड' २०२२ मध्ये आपण सगळ्यांनी पाहिला, शिट्ट्या वाजवल्या. नंतर आपल्या विहाराशेजारच्या मोकळ्या जागेत किती ठिकाणी गोलपोस्ट उभे राहिले? ग्रंथालयाच्या कपाटाशेजारी दोन फुटबॉल ठेवायला किती खर्च येतो?

आमच्या मुलीला खेळायचे आहे, गॅलरीत बसून नव्हे तर मैदानात उतरून. तिचा तसा दुसरा अर्ज आमच्या टेबलावर आला आहे. आमच्या वस्तीत मुलींचा संघ नाही, म्हणून पुढच्या रविवारची बैठक त्याच विषयावर ठेवली आहे. आणि पुन्हा त्या गॅलरीत बसायची वेळ आली, तर मागच्या रांगेकडे वळून बोलण्याचे काम गांधी टोपीतल्या काकांवर सोडायचे नाही, एवढे आम्ही मुलीला कबूल केले आहे. तिने ते लिहून घेतले आहे.