जुळलेले नंबर आणि मधली वर्षे

जुन्या मोटारींचा व्यवहार करणाऱ्या मंडळींमध्ये दोन शब्दांना सोन्याचे मोल आहे : ‘नंबर जुळतात’. कारखान्यातून बाहेर पडताना सांगाड्यावर जो क्रमांक होता आणि इंजिनावर जो क्रमांक होता, ते दोन्ही आजही एकाच गाडीत नांदत आहेत, एवढाच त्याचा अर्थ. हे शब्द खरे असले की लिलावात बोली चढते. खोटे ठरले तर गाडी तीच, रंग तोच, वेगही तेवढाच. पण भाव मात्र खाली येतो. म्हणून युरोप-अमेरिकेतले कित्येक शौकीन आपल्या स्पोर्ट्स कारचे हरवलेले मूळ इंजिन शोधण्यात वर्षेच्या वर्षे घालवतात. एखाद्याला ते सापडते, गाडीत पुन्हा बसते आणि मग घरात लग्नकार्य असावे तसा आनंद होतो.

माझा उमेदीचा काळ बँकेत गेला आणि उरलेला वेळ कादंबऱ्या लिहिण्यात. या दोन्ही उद्योगांमुळे असेल, पण अशा पुनर्भेटीच्या हकिकती वाचताना मला गाडीच्या चकाकीपेक्षा तिच्या कागदपत्रांचे कुतूहल अधिक वाटते. इंजिन परत आले म्हणजे गाडी पहिल्यासारखी झाली का? आणि ज्या वर्षांत ते तिच्यात नव्हते, त्या वर्षांचे काय करायचे?

उदाहरणादाखल जग्वार ई-टाइप घेऊ. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ही इंग्लिश गाडी प्रथम लोकांसमोर आली. लांबलचक नाक, मागे रेलून बसलेले दोनच प्रवासी आणि त्या नाकाखाली ३.८ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन. तिच्या इंजिनखान्यात एक छोटी पट्टी असते. तीवर गाडीचा, इंजिनाचा, बॉडीचा आणि गिअरबॉक्सचा असे चार क्रमांक ठोकलेले असतात. ३.८ लिटरच्या इंजिनाचा क्रमांक ‘आर’ या अक्षराने सुरू होतो. १९६४ मध्ये ४.२ लिटरचे इंजिन आले, त्याचा ‘७ई’ने. हेच चार क्रमांक कारखान्याच्या दप्तरातही उतरवलेले आहेत आणि जग्वारचा वारसा जपणारी संस्था त्यावरून मालकाला दाखला देते. आपल्याकडे जन्मनोंदीचा उतारा मिळतो, तसाच हा प्रकार.

मग ताटातूट होते कशी? तर अगदी साध्या, संसारी कारणांनी. हे इंजिन जग्वारच्या एक्सके घराण्यातले. १९४८ पासून सुरू झालेल्या या घराण्याची इंजिने कंपनीच्या चार दारांच्या घरगुती गाड्यांतही बसत होती. पुढे ब्रिटिश लष्कराच्या स्कॉर्पियन या हलक्या रणगाड्यातही त्यातलेच एक गेले. १९७० च्या दशकात ई-टाइप ही कुणाच्या लेखी अनमोल ठेव नव्हती. ती एक जुनी, पेट्रोल पिणारी, वारंवार गॅरेजची वाट धरणारी गाडी होती. बेअरिंगे गेली, ब्लॉकला तडा गेला, की मालक भंगारवाल्याकडे जाई, एखाद्या मोडीत निघालेल्या घरगुती जग्वारचे इंजिन उचलून आणी आणि मिस्त्री ते बसवून देई. सोमवारी माणूस कामावर वेळेवर पोचे. त्याने कुठलाही गुन्हा केला नव्हता. जुने इंजिन कोपऱ्यात पडून राही, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या गाडीत जाई.

पुढे चाळीस-पन्नास वर्षांनी त्याच कोपऱ्याला भाव येतो. ज्याच्याकडे ते गंजलेले धूड आहे, त्याच्या दृष्टीने ते फक्त एक सुटे इंजिन असते. पण जगात एक माणूस असा असतो, ज्याच्या पट्टीवर नेमका तोच क्रमांक आहे. कर्जव्यवहारात मी तारणाच्या मूल्यांकनाचे पुष्कळ कागद पाहिले. पण माल एक, विक्रेता एक आणि साऱ्या पृथ्वीतलावर गिऱ्हाइकही एकच, असा बाजार माझ्या तरी पाहण्यात आला नाही. किंमत ठरवायची कशावर? बऱ्याचदा ती दोन माणसांच्या स्वभावावर ठरते. कुणी अडवणूक करतो, तर कुणी म्हणतो, न्या बुवा, तुमचेच आहे.

सापडलेले इंजिन लगेच सुरू होत नाही, हेही सांगायला हवे. वर्षानुवर्षे पडून राहिल्याने पिस्टन सिलिंडरच्या भिंतींना गंजाने धरून बसलेले असतात. जोर केला तर मोडतोड. म्हणून सिलिंडरमध्ये तेल सोडायचे, दिवस जाऊ द्यायचे, मग हाताने फिरते का ते हळूच पाहायचे. उघडल्यावर ब्लॉकला चिरा आहेत का, क्रँकशाफ्ट सरळ आहे का, हे तपासायचे. ई-टाइपचे बॉनेट म्हणजे गाडीचा सबंध पुढचा भागच. तो उतरवावा लागतो, तेव्हा कुठे नळ्यांच्या चौकटीत बसलेले इंजिन हाताला लागते. एवढे सोपस्कार करणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो. फेकून देणे सोपे असताना त्याने जोडणे पत्करलेले असते.

पण जिथे नंबराला पैसा आहे, तिथे खोटा नंबर येणारच. दुसऱ्याच इंजिनावरचा क्रमांक घासून काढायचा आणि हवा तो ठोकायचा, हा उद्योग या व्यापाराच्या पाचवीला पुजलेला आहे. जाणकार मग भिंग घेऊन आकड्यांचे वळण, त्यांच्यातले अंतर, पृष्ठभागावरचे घासल्याचे ओरखडे तपासतात. गंमत अशी, की ज्या मालकाने ‘हे मूळ इंजिन नाही, भंगारातून आणलेले आहे’ असे सरळ लिहून ठेवले, त्याच्या गाडीला बाजार कमी भाव देतो. ज्याने लबाडी केली, त्याला पकडला जाईपर्यंत जास्त. म्हणजे आपण नकळत खरे बोलण्यावर दंड बसवला आहे. मला या साऱ्या शौकातली खरी अडचण ही दिसते.

यावर न्यायालयातही खल झालेला आहे. बेंटली कंपनीच्या ‘स्पीड सिक्स’ जातीच्या एका गाडीने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली. ‘ओल्ड नंबर वन’ हे तिचे नाव. दोन्ही वेळा चालवणाऱ्यांत वुल्फ बार्नाटो होता. तो कंपनीचा अध्यक्षही होता. पुढे तिच्यात ८ लिटरचे मोठे इंजिन बसवले गेले. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या ५०० मैलांच्या शर्यतीत ती उतारावरून बाहेर फेकली गेली आणि चालक क्लाइव्ह डन्फी मरण पावला. गाडी पुन्हा बांधली गेली, हातोहात फिरत राहिली. १९९० मध्ये तिचा १ कोटी पौंडांना सौदा ठरला आणि खरेदीदाराने ऐनवेळी पाऊल मागे घेतले. त्याचे म्हणणे, ही ती गाडीच नव्हे.

लंडनच्या उच्च न्यायालयात जाणकारांच्या साक्षी झाल्या. १९३० च्या विजयी गाडीतले पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंगचा खांब एवढेच उरले आहे, असेही एका तज्ज्ञाने सांगितले. तरीही न्यायमूर्ती ऑटन यांनी विक्रेत्याच्या बाजूने निकाल दिला. ही गाडी काटेकोर अर्थाने ‘मूळ’ म्हणता येणार नाही, हे त्यांनी मान्य केले. पण ती कधी नाहीशी झाली नव्हती, एकदम बदलली गेली नव्हती. शर्यतीमागून शर्यत एकेक भाग बदलत तिचा इतिहास अखंड चालत आला होता. तेव्हा ‘ओल्ड नंबर वन’ हे नाव तिलाच शोभते, असा त्या निकालाचा मथितार्थ. मूळ इंजिन नसूनही गाडी अस्सल ठरली, ती तिच्या न तुटलेल्या कहाणीमुळे.

याच्या उलटही घडले आहे. १९६३ मध्ये जग्वारने वजनाने हलक्या खास ई-टाइपसाठी १८ क्रमांक राखून ठेवले होते, पण गाड्या १२ च बांधल्या. उरलेल्या सहा क्रमांकांच्या गाड्या बांधण्याचे कंपनीने २०१४ मध्ये जाहीर केले. म्हणजे क्रमांक अर्धशतक जुना आणि गाडी कोरी! नुसता क्रमांक जुळला म्हणजे सगळे जुळले असे मानणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा.

हे साहेबाच्या देशातले चोचले, आपल्याला काय त्याचे, असे वाचक म्हणतील. पण विषय आपल्या दारात आला आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. ५० वर्षांहून जुनी, घरगुती वापराची, मूळ स्वरूपात राखलेली आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी त्यात बसते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. हेतू उत्तम आहे. पण आपल्याकडच्या जुन्या गाड्यांचा इतिहास आठवून पाहा. परदेशी सुटे भाग आयात परवान्याशिवाय मिळत नसत. १९७३ नंतर पेट्रोलचे भाव भडकले. किती दिमाखदार गाड्यांची तहानलेली इंजिने उतरली आणि त्यांच्या जागी धडधडणारी डिझेल इंजिने आली! त्यामुळेच तर त्या गाड्या भंगारात न जाता रस्त्यावर राहिल्या.

बँकेत वाहनकर्जाच्या फायलीत आम्ही चेसिस क्रमांकाचा ठसा घेत असू. क्रमांकावर पातळ कागद धरायचा, वरून पेन्सिल घासायची, आकडे उमटतात. एकदा तालुक्याच्या गावचा एक ट्रकमालक अर्ज घेऊन आला. घाटात इंजिन जाम झाले होते, त्याने दुसरे बसवले होते. ‘साहेब, आरसी बुकात बदल केलाय, तुमच्याही वहीत लिहून घ्या. उद्या कुणी विचारलं तर नंबर खोटा निघायला नको.’ त्याच्या फायलीत जुना-नवा असे दोन्ही क्रमांक, तारखेसह, एकाखाली एक राहिले. त्या ट्रकची कागदोपत्री ओळख माझ्या मते कुठल्याही लिलावातल्या गाडीइतकी निर्मळ होती.

म्हणून माझे सांगणे असे. मूळ इंजिन सापडले तर अवश्य परत आणावे. पण मधल्या काळात ज्याने गाडी ओढली, त्या परक्या इंजिनाला भंगारात लोटू नये; त्याचा क्रमांक, ते कुठून आले, कधी आले, कधी उतरले, हे फायलीत राहावे. गाड्या तपासणाऱ्यांनी आणि नियम लावणाऱ्यांनीही गरजेपोटी झालेला, आरसी बुकात नोंदलेला बदल आणि नंबर घासून केलेली लबाडी यांत फरक करावा. पहिल्याला कमीपणा आला, तर दुसऱ्याचे फावते.

आपल्या घरातही आजोबांची स्कूटर, वडिलांची जीप पडून असेल. तिचे जुने आरसी बुक, गॅरेजच्या पावत्या, बदललेल्या इंजिनाचा दाखला रद्दीत घालू नका. एखाद्या रविवारी वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून विचारा, काय कधी बदलले, का बदलले, आणि वहीत तारखेनिशी लिहून ठेवा. लोखंड शोधले तर पन्नास वर्षांनीही सापडते. ते कुणाच्या अंगणात, कशासाठी उतरले, हे सांगणारे माणूस तोवर थांबत नाही.