लगाम कुणाचा, तोंड कुणाचं

परवा कोल्हापुरातल्या एका सभेत एका विद्वानांनी आम्हाला इंग्रजी 'रिफ्रेन' या क्रियापदाचं माहात्म्य ऐकवलं. इंग्रज म्हणे आपण होऊन थांबतो, मराठी माणसाला थांबवावं लागतं. म्हणून त्यांच्याकडे 'रिफ्रेन' आणि आपल्याकडे नुसतं 'नको'. गाण्याचं ध्रुपदही तेच रिफ्रेन, कारण तिथे गाणारा संयमानं थांबतो. टाळ्या पडल्या.

ध्रुपदाचं एका ओळीत संपतं. तो 'रिफ्रेन' लॅटिनमधल्या 'मोडणे' या अर्थाच्या धातूचा, थांबण्याशी त्याचं नातं नाही. दिसायला सारखे म्हणून सख्खे ठरवायचे, तर मांडवातला वर आणि माडीवरचा 'वर' यांचीही सोयरीक जुळवा!

खरी गंमत पहिल्या रिफ्रेनची. तो आला फ्रेंचमार्गे लॅटिन 'फ्रेनुम'पासून, आणि फ्रेनुम म्हणजे घोड्याचा लगाम. म्हणजे ज्या शब्दात विद्वानांना आत्मसंयम दिसला, त्याचा जन्म जनावराच्या तोंडातला! १६११ च्या इंग्रजी बायबलातही माणूस अनेकदा नुसता रिफ्रेन होत नाही. तो जीभ रिफ्रेन करतो, पाय रिफ्रेन करतो. ओढायला काहीतरी लागतं. हळूहळू वापरातून कर्म गळत गेलं आणि लगाम दिसेनासा झाला. आमचा 'लगाम' फारसी म्हणून हाकला पाहिजे, असं एका शुद्धिवाद्यानं मला पूर्वी बजावलं होतं. त्याचा घोडा बहुधा अजून उधळलेलाच असेल. इंग्रजांनी मात्र लॅटिनचा लगाम बिनतक्रार घातला.

आणि आमच्याकडे काय नाही? कासरा आहे, वेसण आहे. हंगामात उसानं भरलेली गाडी उताराला लागली की गाडीवान जिवाच्या आकांतानं कासरा ओढतो, आणि 'जरा कासरा ओढ' हे माणसालाही सांगता येतं. शिवाय 'आवरणे'. मूळ संस्कृत 'आ-वृ', झाकणं, वेढणं. पण कोल्हापुरात सकाळी 'आवरलं काय?' म्हटलं की अंघोळ, वेणीफणी, डबा सगळं आलं. रात्री स्वयंपाकघर आवरायचं. भांडणात जीभ आवरायची. राग आला तर 'मला आवरेना' म्हणतो. इथे न जुमानणारा राग असतो, माणूस बिचारा चतुर्थीत उभा.

विद्वानांनी 'आपल्याकडे नुसतं नको' हे पालुपद तिसऱ्यांदा घोळवलं, तेव्हा मागच्या बाकावर आम्हा तिघांना हसू आवरेना.