मुलांची संमती कोण घेणार?

गुजरातेत पंचवीस वर्षांहून जुनी सोसायटी पाडून नवी बांधायची, तर किमान ७५ टक्के सदनिकाधारकांची संमती लागते. २०१८ च्या कायदा दुरुस्तीने ही अट आली. महाराष्ट्रात २०१९ पासून हे प्रमाण ५१ टक्के आहे. सभासद बिल्डरशी भाड्यावरून भांडतो, नव्या घराचे क्षेत्रफळ करारात लिहून घेतो, मग घराची किल्ली देतो. त्याने तसे करावेच. पण ज्या इमारतीत अनाथ, हरवलेली किंवा घर सोडून आलेली मुले राहतात, तिचा पुनर्विकास ठरतो तेव्हा तिथल्या रहिवाशांना विचारायचे कोणी? त्यांच्याकडे ना भागपत्र, ना मत.

कडोदऱ्यात हा प्रश्न दूरचा वाटू नये. राष्ट्रीय महामार्ग ४८ आणि सुरत-बारडोली रस्ता यांच्या चौफुलीवरचे हे गाव डाइंग मिलांनी आणि जीआयडीसीने वाढवले. खानदेश, ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहारातून आलेल्या कामगारांच्या खोल्या उभ्या राहिल्या, तसे जमिनीचे भावही चढले. कोणे एके काळी शहराबाहेर, मोकळ्या आवारात बांधलेल्या संस्था अशा वाढीत शहराच्या पोटात येतात. आवार तेवढेच राहते, त्याची किंमत मात्र कैक पटींनी वाढते. तेवढ्यात एखादा विश्वस्त म्हणतो, ‘इमारत धोकादायक झाली आहे.’ पुष्कळदा ते खरेही असते.

पुढची फाइल तीन टेबलांवरून फिरते. ट्रस्टची जागा विकायची किंवा दीर्घ मुदतीने भाड्याने द्यायची, तर १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ३६ नुसार चॅरिटी कमिशनरची पूर्वपरवानगी लागते. तिथे पाहिले जाते ते न्यासाचे हित, म्हणजे व्यवहारात जागेला भाव योग्य मिळतो की नाही. सुरत नागरी विकास प्राधिकरण म्हणजे सुडा पाहते एफएसआय, पार्किंग, रस्त्याची रुंदी. जिल्हा बाल संरक्षण कक्ष पाहतो संस्थेची नोंदणी. तिन्ही कार्यालये आपापले काम चोख करतील आणि तरीही एक प्रश्न कुणाच्याच टेबलावर येणार नाही: बांधकाम चालू असताना ही मुले कुठे राहतील आणि कोणत्या शाळेत जातील?

प्रत्यक्षात कायदा या बाबतीत मुका नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या तिसऱ्या कलमात, आपल्यावर परिणाम करणाऱ्या प्रत्येक निर्णयात सहभागी होण्याचा आणि आपले म्हणणे मांडण्याचा हक्क मुलाला दिला आहे. २०१६ च्या नियमांनुसार प्रत्येक गृहात वयोगटांप्रमाणे मुलांच्या समित्या असायला हव्यात. त्याच नियमांत इमारतीची मापेही आहेत: ५० मुलांमागे प्रत्येकी हजार चौरस फुटांची दोन शयनगृहे, ८०० चौरस फुटांचे भोजनगृह, ५०० चौरस फुटांचे ग्रंथालय. मैदानासाठी मात्र आकडा नाही. मुलांच्या संख्येनुसार ‘पुरेसे’ एवढेच. पुनर्विकासात आधी जातो तो हाच तुकडा. नकाशावर भोजनगृह कमी करता येत नाही, पण गाड्यांच्या रांगा सोडून उरलेला पट्टा ‘पुरेसा’ ठरवता येतो.

मुलांच्या वाट्याला कोणती जागा येते, हे मुंबईने फार पूर्वी दाखवून दिले. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर ज्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते, तिथेच पुढे मुलांचे गृह आले. ते चालवणारी चिल्ड्रन्स एड सोसायटी १९२७ ची, आणि राज्याचे मुख्यमंत्री तिचे पदसिद्ध अध्यक्ष. याच सोसायटीच्या मानखुर्द येथील निरीक्षणगृहाचे प्रकरण पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयात नेले. डिसेंबर १९८६ च्या निकालात न्यायालयाने ही सोसायटी शासनाचेच अंग आहे असे म्हटले. संस्थेच्या नावामागे शासनाला लपता येत नाही, हा त्याचा अर्थ आणि तो नियोजन प्राधिकरणांनाही लागू व्हायला हवा.

जुनी गृहे जशीच्या तशी राखावीत, असा हट्ट आम्ही धरणार नाही. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा, असे कायदाच सांगतो. शंभर मुलांची बराक मोडून लहान, घरासारखी गृहे उभारली तर त्यात मुलांचेच भले आहे. काही गृहे बंद होणेही योग्य ठरेल. लिव्हरपूलचे स्ट्रॉबेरी फील्ड हे साल्व्हेशन आर्मीचे बालगृह १९३६ मध्ये उघडले आणि २००५ मध्ये बंद झाले. बीटल्सच्या गाण्याने जगप्रसिद्ध झालेली ती जागा विकता आली असती. पण २०१९ मध्ये तिथे शिकण्यात अडचणी असलेल्या तरुणांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. गृह गेले, जमिनीचा हेतू राहिला.

म्हणून परवानगीच्या अटी कागदावर हव्यात. नव्या गृहाला बीयू (इमारत वापर) परवानगी मिळून मुले तिथे राहायला गेल्याशिवाय जुन्या इमारतीला हातोडा लागू नये. ते शक्य नसेल तर पर्यायी निवारा त्याच तालुक्यात आणि स्थलांतर शाळेच्या सुट्टीत व्हावे. मैदानाचे चौरस फूट मंजूर नकाशावर आकड्यात लिहावेत. विक्रीचे पैसे फक्त मुलांसाठीच खर्च होतील, अशी अट चॅरिटी कमिशनरने आदेशातच घालावी. आणि मुलांच्या समितीचे म्हणणे इतिवृत्तासह जोडलेले नसेल, तर सुडाने फाइल परत पाठवावी. यासाठी नवा कायदा लागत नाही. असलेला कायदा तिन्ही टेबलांवर एकत्र वाचावा लागतो.

हाच प्रश्न नगररचना योजनेतही येतो. योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला की बाधित व्यक्तीला लेखी हरकतीसाठी एक महिना मिळतो. आपल्या भूखंडातून किती कापले जाणार हे पाहायला लोक तेवढ्यात सुडाच्या कार्यालयात पोहोचतात. बालगृहातले मूल तिथे पोहोचणार नाही. ती हरकत नोंदवणे हे विश्वस्तांचे काम. ते गप्प राहिले तर बाल कल्याण समितीने ती नोंदवावी, आणि तीही गप्प राहिली तर योजनेतल्या शेजाऱ्यांनी.