जपलेले घर, पुसलेले कूळ

मिरकरवाडा बंदरात मासळीचा लिलाव रंगात आलेला असताना तिथल्या कोणाला संग्रहालयाची आठवण होत नाही. चालत्या धंद्याला संग्रहालय लागत नाही. याच परिसरातली जुनी शेती मात्र संग्रहालयात जाऊन बसली आहे. गणपतीपुळ्याच्या ‘प्राचीन कोकण’मध्ये पुतळ्यांतून जुने गाव उभे केले आहे, मालगुंडला केशवसुतांचे घर आहे, रत्नागिरी शहरात टिळकांचे जन्मघर आहे. ही घरे जपली गेली याचा आनंदच आहे. वाद आहे तो अशा घरांतून फिरताना आपण जी समजूत उराशी धरून बाहेर पडतो तिच्याशी. ती समजूत अशी, की कोकणातली शेती म्हणजे ओटी, माजघर, कणगी आणि मागची पोफळीची बाग; आणि हे सारे वसवले ते घराच्या धन्याने.

या समजुतीला इतिहासाचा थोडा आधार आहे, म्हणूनच ती धोक्याची आहे. आदिलशाहीच्या काळापासून ओसाड गावे लागवडीला आणण्याच्या बोलीवर खोतांच्या हवाली केली गेली, हे खरे आहे. खोत हा त्या अर्थाने मूळ वसाहतकर. पण कौल मिळवणे वेगळे आणि कातळाच्या उतारावर बांध घालून भाताची खाचरे काढणे वेगळे. ते दुसरे काम कुणबी, महार आणि इतर कुळांच्या हातांनी केले. पुढे इंग्रजी अमदानीत, १८८०च्या खोती कायद्याने, खोतांच्या हक्कांना पक्के कागदी रूप आले. उभ्या पिकाचा अंदाज बांधायला अभावणी होई आणि अर्धेलीने कसणाऱ्याचे निम्मे पीक खोताच्या घरी जाई. वरून वेठ होतीच. संग्रहालयातली कणगी आपण कौतुकाने पाहतो; ती कोणाच्या भाताने भरली, हा प्रश्न मात्र आपल्याला सुचत नाही.

यावर ठरलेले उत्तर येते: वारसास्थळी लोक अभिमानाने येतात, तिथे जुनी भांडणे कशाला उकरायची? पण ही भांडणे इतिहासाच्या तळटीपेतली नाहीत. चरी या अलिबाग तालुक्यातल्या गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ साली जमिनी कसायचे नाकारले आणि तो संप १९३९पर्यंत टिकला. डॉ. आंबेडकरांनी १९३७च्या सप्टेंबरमध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १९३८च्या जानेवारीत कोकणातले शेतकरी मोर्चाने मुंबईत धडकले. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९च्या कायद्याने. टिळकांच्या घराण्याचा चिखलगावच्या खोतीशी संबंध होता आणि खोती कायद्यातील दुरुस्तीच्या वादात टिळकांनी खोतांची बाजू घेतली होती. हे त्यांच्या जन्मस्थानी सांगितले तर टिळक लहान होणार नाहीत. पाहणारा मात्र थोडा मोठा होईल.

परदेशी संग्रहालयांची उदाहरणे देण्याची आपल्याला हौस आहे, तर एक उदाहरण इथे खरोखर उपयोगी आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये सतराव्या शतकातल्या इंग्रज वसाहतकरांचे खेडे संग्रहालय म्हणून उभारलेले आहे. २०२० साली त्या संस्थेने आपले नाव बदलले आणि त्या भूमीचे मूळ नाव ‘पटक्सेट’ त्यात घातले. पहिला नांगर आपला म्हणणाऱ्यांच्या आधी तिथे कोणी होते, हे आता दारावरच वाचता येते. आपल्याला तर इतके दूरही जायचे नाही. आपली कुळे याच गावांत होती, त्यांची नातवंडे आजही आहेत.

आणि जी गावात राहिली नाहीत ती कुठे गेली? रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून आगबोटीने मुंबईला, गिरणीत. निम्मे भात दिल्यावर घरात जे उरे त्यावर वर्ष निघत नसे. म्हणून कोकणातल्या शेतघराच्या इतिहासाचे एक दार बंदराकडे उघडते आणि ते दार आपण बंद करून टाकले आहे.

साहित्याच्या लोकांनी यात हात झटकू नयेत. श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) ही दोन खंडांची थोर कादंबरी आपण शिकवतो, त्या घराण्याच्या उतरणीवर गंभीर चर्चा करतो. पण ते वैभव कोणाच्या निम्म्या पिकावर उभे होते, हा प्रश्न वर्गात किती वेळा निघतो? वाड्याच्या पडझडीने हळहळणारा वाचक आपणच घडवला आहे. संग्रहालयात तोच वाचक प्रेक्षक होऊन येतो.

मालगुंडला सहली जातात. ज्या कवीचे घर पाहायला आपण जातो त्यानेच ‘मजुरावर उपासमारीची पाळी’ ही कविता लिहिली आहे. ती त्या अंगणात मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावी आणि मग विचारावे, की या गावातली जमीन कोण कसत होते आणि कोणत्या वाट्याने. जपलेल्या प्रत्येक घरात एवढी माहिती देणारी एक पाटी लावायला फार खर्च येत नाही. ती नसेल तोवर आपण इतिहास जपतो असे म्हणू नये. घराचे वासे तेवढे जपतो, असे म्हणावे.