शत्रूचे नाव कळल्याशिवाय औषध कसले?



श्रावण-भाद्रपदात पांढुर्णा-सौंसर भागातील संत्र्याच्या काही बागा पाहून जीव हळहळतो. झाड पिवळे पडते, बुंध्यातून डिंक गळतो, शेंडे वाळू लागतात. आपण त्याला डिंक्या म्हणतो, बुरशी समजतो आणि दुकानदार देईल ते औषध आळ्यात ओततो. यातला बराच पैसा मातीत जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण रोग करणारा जीव कोणता, हे आपण आधी विचारीतच नाही.

त्या जीवाचे नाव फायटोफ्थोरा, म्हणजे ‘वनस्पतीचा नाश करणारा’. हे नाव जर्मन शास्त्रज्ञ अँटन डी बारी यांनी १८७६ साली दिले. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाटा कुजून जो भीषण दुष्काळ पडला, तो याच वंशातील एका जातीमुळे. आपल्या संत्र्याला छळणाऱ्या प्रमुख जातीचे वर्णन १८९६ साली जावा बेटात तंबाखूवरून झाले. पुढे १९१३ साली जहांगीर फर्दुनजी दस्तूर या भारतीय शास्त्रज्ञांनी बिहारमधील पुसा येथे एरंडीवरील अशाच जिवाचे वर्णन केले. दोन्ही एकच, हे नंतर मान्य झाले. हेच दस्तूर पुढे नागपूरला मध्यप्रांत सरकारचे वनस्पतिरोगतज्ज्ञ होते.

हा जीव दिसतो बुरशीसारखा, पण खरी बुरशी नव्हे. त्याचे नाते समुद्रातील तपकिरी शेवाळाशी आहे. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या लिंबाच्या आकाराच्या पिशव्या दिसतात. जमीन चिंब झाली की त्यांतून शेपटीवाले बीजाणू निघतात व पाण्यात पोहत मुळांपर्यंत जातात. उन्हाळ्यात तो जाड कवचाच्या बीजाणूंच्या रूपाने मातीत दडून राहतो. म्हणूनच कार्बेन्डाझिमसारखे खऱ्या बुरशीवर चालणारे औषध त्याच्यावर चालत नाही.

मग करावे काय? बारीक मूळ चिमटीत धरून ओढा. साल निघून आत नुसता दोरा उरला, तर मूळकूज समजा. मग मुळे व ओली माती घेऊन कृषी विज्ञान केंद्रात किंवा नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत चौकशी करा आणि औषध त्यांच्या सल्ल्यानेच घ्या.

खर्चाआधी पाण्याचा बंदोबस्त हवा. भारी काळ्या जमिनीत उताराने चर काढा. पाणी बुंध्याला लागू देऊ नका. दुहेरी बांगडी पद्धतीने आळे करा. डोळा बांधलेली जागा मातीत गाडू नका. पावसाळ्यापूर्वी व नंतर बुंध्याला बोर्डो मलम लावा. एक किलो मोरचूद व एक किलो कळीचा चुना प्रत्येकी पाच लिटर पाण्यात वेगवेगळे भिजवून मग एकत्र करा. भांडे लोखंडाचे नको.

सर्वांत मोठा धोका रोपवाटिकेतून येतो. रोगट मातीच्या पिशवीतले स्वस्त कलम म्हणजे आपल्याच हाताने शत्रूला घरात घेणे होय. कलमाची किंमत विचारण्याआधी त्याची माती कोठली, मुळे कशी, हे विचारा. विक्रेता मुळे दाखवायला तयार नसेल, तर रिकाम्या हाताने परत या. संत्र्याला फळ धरायला वर्षे लागतात. तेवढ्या वर्षांच्या घामापुढे एका दिवसाची फेरी काहीच नाही.