विश्लेषण : घरचा संगणक अचानक बंद का पडतो? ‘फॉरमॅट’ हा पहिला उपाय का नसावा?

प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज निम्मा भरून झालेला असतो, जीएसटीचे विवरणपत्र ‘सबमिट’ करायचे तेवढे उरलेले असते आणि पडदा काळा होतो. काही सेकंदांनी संगणक आपणहून पुन्हा सुरू होतो, जणू काही घडलेच नाही. आठवड्यातून एकदा होणारा हा प्रकार मग रोज होऊ लागतो. नाशिकमध्ये सिडकोपासून नाशिकरोडपर्यंत कुठल्याही घरात अशा वेळी ठरलेला सल्ला मिळतो : ‘फॉरमॅट मारून घ्या.’ हा सल्ला सोपा आहे आणि अनेकदा चुकीचाही. आपोआप बंद पडणाऱ्या संगणकाचे मूळ बऱ्याचदा विंडोजमध्ये नसते. ते भिंतीतल्या प्लगमध्ये, थकलेल्या यूपीएसमध्ये किंवा धुळीने भरलेल्या पंख्यात असते. म्हणूनच फॉरमॅट हा शेवटचा उपाय असावा.

फॉरमॅट केल्याने नेमके काय बिघडते?

पहिले नुकसान डेटाचे. घरच्या संगणकात मुलांचे लहानपणीचे फोटो असतात, छोट्या दुकानदाराचे टॅलीतले हिशेब असतात, मुक्त विद्यापीठातून शिकणाऱ्या गृहिणीचे स्वाध्याय असतात. ‘सी ड्राइव्हच जाईल, बाकी सगळे राहील’ असे सांगितले जाते. पण डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डर बहुधा सी ड्राइव्हवरच असतात, हे अनेकांना फॉरमॅटनंतर कळते.

दुसरे नुकसान पुराव्याचे. संगणक कधी आणि कशामुळे बंद पडला याची नोंद विंडोज स्वतः ठेवत असते. फॉरमॅट केले की ती नोंदही पुसली जाते. मूळ दोष एसएमपीएसमध्ये असेल, तर नवे विंडोज टाकलेला संगणकही चार दिवसांनी तसाच बंद पडतो. पैसे गेलेले असतात, फोटो गेलेले असतात आणि दोष मात्र जागच्या जागी असतो.

मग सुरुवात कुठून करावी?

सर्वात आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी. वारंवार अचानक बंद पडणाऱ्या संगणकाची डिस्क कधी दगा देईल याचा भरवसा नसतो. त्यानंतर एका वहीत आठवडाभर नोंद ठेवावी : संगणक किती वाजता बंद पडला, त्या वेळी काय चालू होते, घरातले दिवे लुकलुकले का, फ्रिज किंवा पाण्याची मोटर सुरू झाली का, पंख्याचा आवाज वाढला होता का, निळा पडदा दिसला का. दुरुस्ती करणाऱ्याला या एका पानाचा जितका उपयोग होतो, तितका ‘मधूनच बंद पडतो हो’ या वाक्याचा होत नाही.

बंद पडण्याच्या पद्धतीवरून काही कळते का?

बरेच कळते. प्लग ओढल्यासारखा संगणक क्षणात विझत असेल, तर संशय वीजपुरवठा, एसएमपीएस, मदरबोर्ड किंवा उष्णतेवर घ्यावा. आधी निळा पडदा दिसून मग संगणक पुन्हा सुरू होत असेल, तर ड्रायव्हर, रॅम, डिस्क अथवा प्रोसेसरकडे बोट जाते. ‘अपडेट होत आहे’ असा संदेश येऊन संगणक बंद-चालू होत असेल, तर तो बहुधा बिघाड नसतो. अपडेटची वेळ बदलून घेतली की काम भागते.

निळा पडदा अनेकदा दिसतच नाही, कारण बिघाड होताच आपोआप पुन्हा सुरू होण्याची सोय विंडोजमध्ये मुळातच चालू असते. सिस्टिम प्रॉपर्टीजमधील ‘अॅडव्हान्स्ड’ भागात, ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’खाली ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ या पर्यायावरची खूण काढली, तर पुढच्या वेळी पडदा थांबून राहतो. त्यावरचा संकेत मोबाइलवर टिपून ठेवावा.

विंडोजची नोंदवही कशी वाचायची?

स्टार्ट मेनूत ‘रिलायबिलिटी हिस्ट्री’ शोधले की दिवसागणिक आलेख उघडतो. लाल फुली असलेल्या दिवशी काय घडले ते खाली दिसते. अधिक तपशील ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये मिळतो. तेथे ‘कर्नेल-पॉवर’ या नावाने क्रमांक ४१ची नोंद दिसली, तर तिचा अर्थ एवढाच की संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला. ही नोंद म्हणजे निदान नव्हे. ती पाहून लगेच ‘एसएमपीएस गेला’ म्हणणेही घाईचे ठरते. तिच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ शून्य असेल, तर विंडोजला कारण लिहायला वेळच मिळाला नाही, म्हणजे वीज अचानक तुटली असण्याची शक्यता अधिक. शून्याखेरीज आकडा असेल, तर निळ्या पडद्याची शक्यता अधिक. क्रमांक १०७४ची नोंद असेल, तर एखाद्या प्रोग्रॅमने, अपडेटने किंवा घरातल्याच कुणीतरी रीतसर बंद करण्याची आज्ञा दिलेली असते. ‘व्हिया-लॉगर’ या नावाच्या नोंदी मात्र हार्डवेअरमधील चुकांबद्दल असतात. त्या दिसल्यास दुकानदाराला आवर्जून दाखवाव्यात.

घरातल्या विजेचा संबंध किती?

नाशिकजवळ एकलहऱ्याला औष्णिक वीज केंद्र आहे म्हणून शहरातल्या प्रत्येक प्लगमध्ये वीज अखंड असते असे नाही. राज्य वीज नियामक आयोगाच्या निकषांनुसार घरगुती पुरवठ्यात २३० व्होल्टच्या वर-खाली सहा टक्क्यांची मुभा आहे, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट. चांगला एसएमपीएस याहून मोठा चढउतार सहज सोसतो. त्याला न सोसणारी गोष्ट वेगळीच असते : क्षणभराचा खंड.

आपल्याकडे विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. वीज तुटल्यावर एसएमपीएस आपल्या साठ्यावर पूर्ण भारात साधारण १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो. म्हणजे दिवा जेमतेम लुकलुकेल इतका खंडही संगणक बंद पाडायला पुरतो. वळवाच्या पावसात, वाऱ्यावर फांद्या तारांना घासतात तेव्हा किंवा ढिल्या सॉकेटमध्ये ठिणगी पडते तेव्हा नेमके हेच होते. ‘घरातले बाकी सगळे चालू होते, फक्त संगणकच बंद पडला’ ही तक्रार म्हणूनच खरी असते. पंख्याला आणि बल्बला तो खंड जाणवत नाही.

येथे दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, इन्व्हर्टर. अनेक घरांत संगणक थेट घराच्या इन्व्हर्टरवर असतो. बऱ्याच इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ आणि ‘इको’ किंवा ‘नॉर्मल’ अशी कळ असते. ती इकोवर असेल, तर बॅटरीवर जाण्यास लागणारा वेळ संगणकाला परवडत नाही. कळ बदलून पाहण्यास पैसा लागत नाही. दुसरी, यूपीएसची बॅटरी. तिचे आयुष्य साधारण दोन-तीन ते पाच वर्षे. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॉट नव्हे. त्याची क्षमता अनेकदा ३६० वॉटच्या आसपास असते. त्यावर संगणकासोबत लेझर प्रिंटरही जोडलेला असेल, तर प्रिंट देताच यूपीएस मान टाकतो. अशा वेळी यूपीएस बाजूला ठेवून, दुसऱ्या खोलीतल्या चांगल्या सॉकेटवर दोन दिवस संगणक चालवून पाहावा. तेवढ्याने प्रश्न सुटला, तर दोष संगणकात नव्हताच.

अर्थिंगकडे मात्र दुर्लक्ष नको. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील किंवा दिवे मध्येच प्रखर आणि मध्येच मंद होत असतील, तर वापर थांबवून परवानाधारक वायरमनला बोलवावे. न्यूट्रल तुटला किंवा ढिला झाला, तर घरात २३०पेक्षा कितीतरी जास्त व्होल्ट येऊ शकतात. दोष मीटरच्या अलीकडे, म्हणजे खांबाकडच्या बाजूला असेल, तर महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा.

उन्हाळ्यातच त्रास वाढतो, तो का?

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. भिंतीला चिकटवून, टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेल्या कॅबिनेटमध्ये तापमान त्याहूनही बरेच वाढते. प्रोसेसर तापला की आधी आपला वेग कमी करतो आणि मर्यादा ओलांडली की स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. अनेक प्रोसेसरची ही कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. सुरू केल्यावर वीस मिनिटांनी बंद, लगेच सुरू केल्यास पाच मिनिटांत पुन्हा बंद आणि तासभर थंड झाल्यावर ठीक, असा क्रम असेल, तर उष्णतेवर संशय पक्का करावा.

उपाय साधा आहे. प्लग काढून, कॅबिनेटची बाजू उघडून, ब्लोअरने धूळ उडवावी. हे करताना पंखा बोटाने धरून ठेवावा, तो मोकाट फिरू देऊ नये. काही वर्षे जुन्या संगणकात प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळलेली असते, ती दुकानातून बदलून घ्यावी. एसएमपीएसचा डबा मात्र घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज शिल्लक राहू शकते.

दोष एसएमपीएसचा की रॅमचा?

जुना संगणक नेहमीच्या कामात नीट चालतो, पण गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग सुरू करताच बंद पडतो, तेव्हा एसएमपीएस भार पेलत नसण्याची शक्यता असते. नवे ग्राफिक्स कार्ड बसवले, पण एसएमपीएस जुनाच राहिला, अशा घरांत हे हमखास घडते. त्याच्या १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट असणे अपेक्षित असते. चांगला एसएमपीएस तात्पुरता लावून पाहणे ही सर्वात खात्रीची परीक्षा, आणि ती कुठलाही प्रामाणिक दुरुस्तीवाला करू शकतो. रॅमसाठी विंडोजमध्येच ‘मेमरी डायग्नोस्टिक’ ही चाचणी आहे. दोन पट्ट्या असतील, तर एकेक काढून संगणक चालवून पाहावा. या सगळ्यातून निभावल्यावरच ड्रायव्हर, अँटिव्हायरस आणि मग विंडोजकडे वळावे.

मोठ्या प्रकरणांतून काय शिकायचे?

ऑगस्ट २००३मध्ये ‘ब्लास्टर’ नावाच्या वर्मने जगभरच्या संगणकांवर साठ सेकंदांची उलटी मोजणी दाखवून त्यांना बंद पाडले. तेव्हा फॉरमॅट करून घेतलेले संगणक, सुरक्षेचा पॅच न टाकता इंटरनेटला जोडताच पुन्हा बाधित होत. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’च्या सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली. तेथे उपाय होता सेफ मोडमध्ये जाऊन एक सदोष फाइल काढण्याचा. त्याच वर्षी इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचे कंपनीने मान्य केले, बायोसद्वारे सुधारणा दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झिजलेला प्रोसेसर मात्र त्या सुधारणेने बरा होत नाही, तो वॉरंटीत बदलूनच घ्यावा लागतो. तिन्ही प्रकरणांत कारण निरनिराळे होते आणि नुसते फॉरमॅट हे एकाचेही उत्तर नव्हते.

दुकानदारांचे म्हणणे चुकीचे आहे का?

पूर्णपणे नाही. मधूनच येणारा दोष शोधायला दोन-दोन दिवस संगणक चालू ठेवावा लागतो. त्या वेळेचे पैसे मागितले की ‘नुसते बघायचे कसले पैसे?’ असा प्रश्न येतो. फॉरमॅट दोन-तीन तासांत होते, त्याचा दर सगळ्यांना ठाऊक असतो आणि त्यावर वादही होत नाही. निदानाला किंमत नसेल, तर निदान होणार नाही. डॉक्टरांची तपासणी फी मुकाट्याने देणारा ग्राहक संगणकाच्या तपासणीला फुकट समजतो, हा दोष ग्राहकाचा आहे.

पण त्यामुळे दुकानदाराची जबाबदारी संपत नाही. डेटा जाईल याची स्पष्ट कल्पना देणे, दोष काय सापडला ते जॉबशीटवर लिहिणे आणि बदललेला जुना भाग परत देणे, एवढे तरी व्हायलाच हवे. ‘विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, म्हणून बंद पडतो, नवाच घ्या’ हे कारणही तपासून घ्यावे. सपोर्ट संपल्याने सुरक्षेची जोखीम वाढते हे खरे, पण त्यामुळे संगणक धाडकन बंद पडत नाही.

ग्राहकाने काय करावे?

तपासणीची फी देण्याची तयारी आधीच सांगावी आणि त्या बदल्यात कारण लेखी मागावे. विंडोज ११ असेल, तर बायोस अपडेट किंवा दुरुस्तीपूर्वी बिटलॉकरची रिकव्हरी की जवळ असल्याची खात्री करावी, नाहीतर स्वतःचाच डेटा कुलूपबंद होऊ शकतो. संगणक वॉरंटीत असल्यास आधी कंपनीकडे जावे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले आहे. सेवेत त्रुटी राहिल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

संगणक अचानक बंद पडतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो : वीज तुटली, गरम झाले, भार पेलवत नाही. ते ऐकून न घेता त्याची पाटी कोरी करणे म्हणजे ताप आलेल्या माणसाचे कपडे बदलणे. पाने, फोटो आणि हिशेब एकदा पुसले की परत येतीलच असे नाही. म्हणून दुकानात ‘फॉरमॅट करू का?’ असे विचारले गेले, तर उत्तराआधी एक साधा प्रश्न विचारावा : ‘कारण सापडले का?’