घरांतलें शास्त्र : मध्यरात्रीची वीज

गेल्या पौषांत देवळ्यास आमच्या थोरल्या चुलतबंधूंकडे चार दिवस राहण्याचा योग आला. जेवणें आटोपून मंडळी निजली. वहिनी मात्र ओटीवर जाग्याच. विचारतां म्हणाल्या, "भाऊजी, बारा वाजतां मळ्यांत वीज येते. धाकटा कांद्याला पाणी भरायला गेला आहे. तो परतेपर्यंत डोळा लागत नाहीं." थंडी, विंचूकिरडूं आणि अलीकडे बिबट्याचें भय, जागरणास कारण पुरेसें होतें.

सकाळीं धाकट्यानें मलाच धरलें. "काका, आपल्याच जिल्ह्यांत एकलहऱ्याला वीज तयार होते, मग आमच्या वांट्याला ती रात्रींच कां?"

वाचकहो, वीज धान्यासारखी कणगींत भरून ठेवणें फार महागांत पडतें. ज्या क्षणीं होते त्याच क्षणीं ती खर्चावी लागते. एकलहऱ्याचें औष्णिक केंद्र १९७० सालीं सुरू झालें. तेथील जुने दोन संच आतां बंद असून २१० मेगावॅटचे तीन राहिले आहेत. कोळसा जाळून वाफ करावयाची, वाफेनें चक्र व चक्रानें जनित्र फिरवावयाचें. पण हा आपल्या न्हाणीघरांतला बंब नव्हे. तो विझविला तर पुन्हां पुरता तापावयास कित्येक तास जातात. शहरें झोंपलीं तरी तो धगधगत ठेवावाच लागतो, म्हणून शेताचा भार मध्यरात्रीवर ढकलला जातो. कोयनेस झडप उघडली कीं थोड्या मिनिटांत वीज! मात्र पश्चिमेकडे वळवावयाचें तेथलें पाणी कृष्णा लवादानें वर्षास ६७.५ अब्ज घनफूट इतकें ठरवून दिलें आहे. तें जपूनच वापरणें भाग.

सांठवणुकीची एक युक्ति आपल्या शेजारींच आहे. भंडारदऱ्यानजीक घाटघर येथें २००८ पासून २५० मेगावॅटचें केंद्र आहे. मागणी कमी असतां शिल्लक विजेनें खालच्या तळ्यांतलें पाणी घाटावरच्या तळ्यांत चढवावयाचें, आणि गरजेच्या वेळीं तेंच खालीं सोडावयाचें. जितकी वीज खर्ची पडते तितकी परत येत नाहीं हें खरें. पण सोनें मोडतांना तूट येते म्हणून अडीनडीला आपण तें मोडीत नाहीं कीं काय?

उन्हाची वीज आल्यापासून हा सारा हिशेब उलटूं लागला आहे. भर दुपारीं ती विपुल असते, म्हणून शेतीस दिवसांच वीज देण्याकरितां राज्यांत २०१७ सालीं सौर कृषि वाहिनी योजना निघाली. आमच्या जुन्या विहिरीची आशा त्या वाहिनीवर आहे. टेकाडाखालच्या नव्या विहिरीस अद्याप जोडणीच नाहीं. तिच्यासाठीं २०२४ सालच्या योजनेंतून सौर पंप घ्यावा, असा धाकट्याचा आग्रह. त्यांत सर्वसाधारण शेतकऱ्यास किंमतीचा दहावा हिस्सा भरावा लागतो.

"आणि ढग आले तर?" दादा म्हणाले.

"ढगांचे दिवस ते पावसाचे, तेव्हां पाणी कोण भरतो?"

उत्तर चोख नव्हतें. हिवाळ्यांतही आभाळ येतें, आणि तें कांद्यास बाधतें, हें दादांस पक्कें ठाऊक. पण एखादा दिवस वाफे कोरडे राहणें आणि पोरगा महिनोन्महिने अंधारांत राबणें यांत मी तरी पहिलेंच पत्करीन.

दादांनीं चष्मा लावून अर्ज दोनदां वाचला व घडी करून पंचांगांत ठेवला. वहिनींनीं तो काढून दौतीसह पुन्हां पुढें ठेवला. सही झाली.

त्या रात्रीं बारा वाजतां धाकटा बॅटरी घेऊन जुन्या विहिरीकडे निघाला. मी वहिनींच्या सोबतीस ओटीवर बसलों.